खेळ संपू दे

लालासाहेबांच्या हॉटेलातल्या रेडिओचा काटा सिलोनकडं निघाला होता. शनिवार, सकाळचे साडेदहा. हळदीच्या पेठेतले हमाल पहिली खेप उतरवून चहाला आले होते आणि लालासाहेब खुर्चीतून न उठता, डावा हात मागं नेऊन, नेहमीसारखे गाणी शोधत होते. खरखर, कुणीतरी बातम्या देतंय, एक लांबलचक शिट्टी, पुन्हा खरखर. आणि मग अर्धा क्षण, फार तर एक क्षण, हजारो माणसांनी एकदम केलेला गिल्ला आणि त्यावर तरंगणारा एका माणसाचा घाईघाईचा, नाकातला इंग्रजी आवाज. काटा पुढं सरकला. बाईचं गाणं लागलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. अर्जुनाच्या हातातली कपबशी मात्र आडवी झाली आणि चहा टेबलावरून त्याच्या मांडीवर आला.

"काय रं, भाजलं का?" शेजारचा हमाल म्हणाला.

"न्हाई," अर्जुना म्हणाला, आणि उठला.

गोडाऊनकडं वळायच्या ऐवजी तो नदीकडं चालू लागला. मुकादम शिव्या घालील, आजचा खाडा मांडील, हे डोक्यात येऊनही पाय वळले नाहीत. तीन वर्षांत हळद त्याच्या नखांत, टाचांच्या भेगांत, कानामागच्या घामात मुरली होती. रविवारी दगडानं घासघासून आंघोळ केली तरी पाणी पिवळंच निघायचं. सांगलीत आला तेव्हा याच एका गोष्टीनं त्याला बरं वाटलं होतं. इथं मेंढरांचा वास येत नाही. माणूस तिखट पिवळ्या धुरळ्यात उभा राहिला की मागचं काही नाकाला लागत नाही. कृष्णेला गढूळ पाणी होतं. पितरपाठ लागलेला, त्यामुळं घाटावर ओल्या धोतरातली माणसं, दर्भ, पत्रावळी, कावळ्यांना घातलेल्या हाका. तो वरच्या पायरीवर बसला आणि त्यानं मनाशी हिशेब केला: शनिवार, सप्टेंबर संपत आलेला. म्हणजे तोच दिवस. म्हणजे तिकडं त्या गोल मैदानावर आताही लाखभर माणूस बसलंय आणि चामड्याचा लांबट चेंडू वर जातोय. दरवर्षी जात असणार. आपण गोणी वाहत असताना, जेवत असताना, निजलेले असताना तो वर जातच असणार. आपल्याला वाटलं होतं आपण विसरलो. विसरलो कसले, नुसते पाठ करून बसलो होतो.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. औंधच्या पुढं, माळावर, सरकारचं मेंढ्यांचं केंद्र निघालं होतं. पत्र्याच्या लांब शेड, दगडी कुंपण, एक जीप, आणि ऑस्ट्रेलियाहून बोटीनं आलेले लोकरीनं डोळे झाकलेले एडके. त्यांच्याबरोबर डॉसन साहेब आला होता. तांबडी मान, काथ्यासारखे केस, चाळिशीचा, एकटा. आपल्या मेंढरांत त्या एडक्यांची पैदास करायची, मऊ लोकर काढायची, असं त्याचं काम. माळावरचे धनगर हसले होते. "ह्यो गोरा आमाला बकरी राखायला शिकवणार व्हय?" पण अर्जुनानं आपल्या वीस मेंढ्या सगळ्यांच्या आधी नेऊन सोडल्या आणि साहेबानं त्यालाच कामावर ठेवून घेतलं. साहेबाचं हिंदी मोडकं, याचंही मोडकं; दोन मोडक्या भाषा एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या आणि चांगलं जमलं. दिवसभर मेंढरांचे खूर कापायचे, डोळे धुवायचे, आणि उन्हं कलली की साहेब तो चेंडू काढायचा. पपईएवढा, दोन्हीकडं निमुळता, लाल चामड्याचा. दोघांनी मिळून माळावर वासे रोवले होते, एका टोकाला चार, दुसऱ्या टोकाला चार; मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. उंच वाशांच्या मधून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून कडेनं, बुटक्याच्या आतून गेला तर एक. अर्जुनाला त्याचंच हसू आलं होतं. "चुकलं तरी गुण?" साहेब गंभीर होऊन म्हणाला होता, "चूक गया, तो भी एक."

सगळ्यात त्याला उडी आवडायची. चेंडू लाथेनं आभाळात चढायचा आणि दुसऱ्याच्या खांद्याच्या वर उडून, अधांतरी, तो दोन हातांनी धरायचा. धनगराची नजर जन्मभर खाली, खुरांकडं, काट्यांकडं, गवताच्या पात्याकडं. वर बघून उडायला त्याला त्या माणसानं शिकवलं. हवेत असताना क्षणभर कुणाचं कुणी नसायचं, साहेब नाही, गडी नाही. खाली येताना साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून ओरडायचा, "चँपियन!" रात्री भाकरी खाताना त्यानं रंगूला तो शब्द सांगितला होता. रंगू म्हणाली, "म्हंजे काय?" त्याला सांगता येईना. तो म्हणाला, "म्हंजे मी." ती हसून हसून आडवी झाली. तेव्हा तिला पाचवा महिना होता.

साहेबाचा एक क्लब होता. तो कधीच जिंकला नव्हता. म्हणजे मधले सामने जिंकायचा, पण शेवटचा, मोठा, वर्षाचा सामना कधीच नाही. साहेबाचा बाप वाट बघत मेला. त्या वर्षी क्लब शेवटच्या सामन्यात पोचला तेव्हा साहेब आठवडाभर नीट जेवला नाही. आणि रंगूचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी होती; माहेर केंद्रापासून दोन मैलांवर. शुक्रवारी संध्याकाळी तिला कळा सुरू झाल्या. अर्जुना रात्रभर सासऱ्याच्या ओट्यावर बसून होता. आत सासू धोंडुबाई आणि सुईण बयाबाई, बाहेर तो आणि मेव्हणा तात्याबा. ऊन चांगलं वर आलं तेव्हा बयाबाई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आडवं हाय. माज्यानं हुईल असं वाटत न्हाई. औंधला दवाखान्यात न्यावं लागंल. तुज्या सायबाची गाडी आण जा."

गाडी आणायलाच तो गेला होता. हे त्यानं स्वतःला हजारदा सांगितलं आहे. पळत गेला, मधला ओढा भिजत ओलांडला, गवत आणि मेंढरांना पाणी हे रोजचं कामही बाजूला सारून तो साहेबाच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. पण साहेब उठून पाय आपटत येरझाऱ्या घालत होता, टेबलावर रेडिओ होता, त्यातून तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज येत होता, आणि याला बघताच साहेबाचा चेहरा असा उजळला की आजपर्यंत कुणी त्याला बघून इतकं खूश झालं नव्हतं. "अर्जुन! पकड!" त्यानं रेडिओच्या एरियलची तांब्याची तार याच्या हातात दिली. याचं बोट तारेला लागलं आणि आवाज स्वच्छ झाला. हात सोडला की तवा, हात लावला की माणसं. साहेब थक्क झाला. म्हणाला, हिलना नहीं. आणि अर्जुना हलला नाही.

पहिला डाव संपला की सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. चार डाव असतात हे त्याला ठाऊक होतं. पहिला संपला आणि साहेबाचा क्लब मागं होता, साहेबानं डोकं हातात धरलं, आणि अशा वेळी बोलणं बरं दिसलं नसतं. दुसरा संपला. तेव्हा मोठी सुट्टी होती, वीस मिनिटांची. साहेबानं स्वतः चहा ओतला, कप याच्या मोकळ्या हातात दिला, आणि कपाटाला टेकून विचारलं, "अर्जुन, बीवी ठीक?"

इथं येऊन तो नेहमी थांबायचा. घाटावरही थांबला. खाली एक जण पाण्यात उभा राहून ओंजळ सोडत होता; ओंजळ रिकामी झाली तरी हात तसेच धरून उभा होता. बीवी ठीक? त्या माणसानं विचारलं होतं. गाडी मागितली नाही, बोललो नाही, हे सगळं नंतरचं. आधी त्यानंच विचारलं होतं. आणि अर्जुना म्हणाला होता, "ठीक, साहेब."

का? चार वर्षं तो या 'का'भोवती फिरला होता, घाण्याच्या बैलासारखा. साहेबाला भिऊन म्हणावं, तर भीती नव्हती. साहेब तत्क्षणी किल्ली घेऊन पळाला असता, चहाचा कप तसाच टाकून, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. तेच तर. साहेब पळाला असता आणि खोली गप्प झाली असती. त्या लाख माणसांचा आवाज त्याच्या बोटातून येत होता, त्याच्या अंगातून, आणि त्याला तो सोडवत नव्हता. कोण जिंकतंय ते त्याला बघायचं होतं. एवढंच. बायका बाळंत होतातच, कळा रात्रभर चालतातच, त्याच्या आईला तर दोन दिवस लागले होते. असं सगळं त्यानं तेव्हा मनात जुळवून घेतलं. पण जुळवायच्या आधीच तोंडातून 'ठीक' गेलं होतं.

शेवटच्या डावात कुंपणाजवळ नानासो आला. केंद्रातला म्हातारा मेंढका. त्याला गावातून पिटाळलं होतं. खिडकीतून त्यानं हात हलवला, "आरं अर्जुना, चल की! सुईणबाई बोलावत्यात! गाडी कुठाय?" रेडिओच्या गोंगाटात साहेबाला ऐकू गेलं नाही, त्याची खिडकीकडं पाठ होती. दोन्ही क्लबांचे गुण सारखे झाले होते. अगदी सारखे. अर्जुनानं मोकळा हात वर केला आणि पंजा दाखवला. थांब. नानासोनं साहेबाच्या पाठीकडं बघितलं, पंजाकडं बघितलं, आणि त्याच्या डोक्यात जे बसायचं ते बसलं. तो मागं वळून पळाला. आणि तिकडं दूर कुणीतरी लाथ मारली, चेंडूचा नेम चुकला, तो कडेनं गेला, एक गुण मिळाला आणि तेवढ्यावर साहेबाचा क्लब जिंकला. साहेब खाली बसून रडला. मग उठून त्यानं अर्जुनाला मिठी मारली, उचलून धरलं. त्याच्या गळ्याला घामाचा आणि तंबाखूचा वास येत होता. खाली उतरवल्यावर अर्जुना म्हणाला, "साहेब, गाडी. बीवी." साहेबाचा चेहरा कसा बदलत गेला ते त्यानं बघितलं. "कब से?" "कल से."

जीप त्या माळावरून इतकी जोरात कधी गेली नव्हती. गावात पोचले तर ओटा रिकामा. वाट बघून बघून सगळे बैलगाडी जुंपून निघाले होते. औंधच्या अलीकडच्या ओढ्यात गाडी गाठली. चाक रुतलेलं, तात्याबा गुडघाभर चिखलात, आणि गाडीतल्या गवताचा रंग. साहेबानं रंगूला स्वतः उचललं. तिचा हात खाली लोंबत होता, बांगड्या मनगटावरून घसरून बोटांपाशी आल्या होत्या. औंधचा यमाईचा डोंगर दिसायला लागला तेव्हा धोंडुबाईनं पदर तोंडात कोंबला; रंगू गेली होती. पोटातलं पोटातच राहिलं. साहेबानं जीप थांबवली. रस्त्यावर उतरून त्यानं अर्जुनाचे दोन्ही दंड धरले आणि विचारलं, "तुम बोला क्यूं नहीं?" आवाज चढवून नाही. खरंच कळत नसल्यासारखं. त्याच वेळी तात्याबा पुढं आला आणि विचारता झाला, "आरं पर येवढा येळ का? काय म्हणला सायब?"

दोघांनी एकदमच विचारलं. उत्तर एकाला द्यायचं होतं. अर्जुना तात्याबाकडं वळला आणि म्हणाला, "म्हणला, खेळ संपू दे."

साहेबाला माणदेशी मराठी कळत नव्हती. तो शेजारी उभा होता, सदऱ्याला रक्त लागलेलं, मान हलवत, जणू अर्जुनाचंच खरं आहे.

त्यानंतर काही करावं लागलं नाही. ते वाक्य आपलं आपण चाललं. नानासोनं त्याला हातपाय दिले: "मी डोळ्यानं बगितलं, रेडू लावून बसला हुता, ह्याला हलू दीना." आठ दिवसांत केंद्रावर दूध जायचं बंद झालं. धनगरांनी आपल्या मेंढ्या काढून नेल्या. कुणीतरी माळावरचे वासे उपटून जाळले. साहेब बाजारात गेला की माणसं पाठ फिरवत. केंद्रातल्या कारकुनानं त्याला शेवटी सगळं इंग्रजीत सांगितलं असणार, कारण एके दिवशी साहेब अर्जुनाकडं बराच वेळ बघत राहिला. नंतर कधीच बोलला नाही. मुदत संपायच्या आधीच, पौषात, तो गेला. एडके मात्र राहिले. त्यानंतर चार महिन्यांनी अर्जुनानंही मेंढरं मोडली आणि सांगलीची वाट धरली.

घाटावरून तो उठला तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या. तो सरळ एस.टी. स्टँडवर गेला आणि वडूजच्या गाडीत बसला. काय करायचं ते ठरलं होतं असं नाही. विट्यापर्यंत तो उभ्यानं गेला, मग जागा मिळाली. बाहेर उसाचे फड संपले, बाजऱ्या लागल्या, मग नुसता माळ. दरवेळी गाडी थांबली की त्याला वाटे इथं उतरावं, परतीची गाडी बघावी. त्यानं मनात वाक्य तयार केलं होतं: मी मागितलीच न्हवती. एवढंच. चार शब्दसुद्धा नाहीत. ते तो दातांखाली चिंचोक्यासारखं फिरवत राहिला.

दिवस कलताना तो सासऱ्याच्या दारात पोचला. सासरा मागल्या साली गेला होता. धोंडुबाई उंबऱ्यात लोकर पिंजत बसली होती. तिनं कपाळावर हात धरून बघितलं आणि उठता उठता रडायला लागली. "माजा अर्जुना! किती वाळलास रं!" तात्याबा मेंढरं कोंडून आला, पायावर पाणी घेतलं, घोंगडं अंथरलं. आतून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली, खाली मान घालून ठेवून गेली. रंगूची धाकटी बहीण, सुली. तो गेला तेव्हा परकरात होती.

"तात्याबा," तो म्हणाला. पाणी प्यायलाच नाही, आधीच बोलला, नाहीतर राहून गेलं असतं. "त्या दिशी सायबानं गाडी नाकारली न्हवती. मी मागितलीच न्हवती."

तात्याबा तंबाखू मळत होता. अंगठा थांबला. "काय म्हणतुयास?"

"सायबानं आपणहून इचारलं, बायको बरी हाय का. मी बरी हाय म्हणलो. खेळ ऐकत बसलो. नानासोला पंजा म्याच दावला. सायबाला म्हाईतच न्हवतं."

तात्याबानं तंबाखू झटकली. "हे कुणी पढवलं तुला? सांगलीत कुणी भेटलं का सरकारातलं?"

"कुणी न्हाई. खरं सांगतुय."

"खरं?" तात्याबाचा आवाज चढला. "आरं, सायब जायच्या आदल्या दिशी हितं आला हुता, तुला मुद्दाम सांगितलं न्हाई. येकटाच, चालत. ह्याच ओट्याखाली उबा राह्यला, बाच्या म्होरं. हात जोडून म्हणला, अर्जुनने मांगा, मैंने नहीं दिया. गलती मेरा. तीनदा म्हणला. बा म्हणला, चालता हो. तर खाली मान घालून गेला. सोताच्या तोंडानं कबूल करून गेलेला माणूस, आन् तू त्याला सोडवाय आलास व्हय?"

"त्यो खोटं बोलला," अर्जुना म्हणाला.

"का? त्याला काय पडलं हुतं खोटं बोलून शिव्या खायचं? त्याचा कोण तू?"

अर्जुनाला साहेब दिसला: तांबडी मान, दोन मैल चालत आलेला, घोकून आणलेलं वाक्य, आणि ते म्हणताना सासऱ्याचे डोळे चुकवले नसतील, बघितलं असेल सरळ. असला उपकार. एखाद्यावर धोंडा ठेवावा तसा ठेवून, समुद्रापार निघून गेला. रागानं अर्जुनानं पाण्याचा तांब्या दूर सारला. साहेब शेवटच्या दिवशी मारता, थुंकता, तर बरं झालं असतं.

"सुईणबाईला इचारा," तो म्हणाला, "नानासोला..."

"नानासो मेला. आन् बयाबाईला काय ठावं?" तात्याबा आता शांत झाला होता, समजूत घालायच्या सुरात आला होता. "हे बग गड्या, तुजं दुक आमाला कळतंय. येकटा ऱ्हातोस, डोकं फिरतं माणसाचं. सोताला बोल लावून घिऊ नगंस."

धोंडुबाईनं पाठीवरून हात फिरवला. तिचे खरखरीत हात लोकरीचे, तुपकट वासाचे. "माज्या लेकीपायी लय सोसलंस बाबा. तिच्या मागं दुसरीचं नाव काडलं न्हाईस. कोण करतं येवडं? आमी तुजाच इचार करत हुतो. तात्याबाचा बा जाताना सांगून गेलाय. सुलीला दुसरीकडं द्याची न्हाई."

"कार्तिकात लगीन उरकून टाकू," तात्याबा म्हणाला. "मी येणारच हुतो सांगलीला. तूच आलास, बरं झालं."

आत बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. धोंडुबाईनं ताट पुढं सरकवलं. बाजरीची भाकरी, मटकीचं कालवण, कांदा. सकाळपासून पोटात काही नव्हतं. भाकरी गरम होती, तिचा वाफाळलेला वास नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं; त्याला स्वतःची किळस आली, आणि तरी हात पुढं झाला. तात्याबा बघत होता. म्हातारी बघत होती. दाराआडून तीही बघत असणार. आता ओरडून सांगायला हवं होतं, ताट भिरकावायला हवं होतं, आणखी एकदा, मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. तोंडात घास होता. तो गिळून झाला की बोलू, असं त्यानं ठरवलं. घास गिळला. मग दुसरा मोडला.